घाबरायची पाळी पुरुषांची



‘स्त्री’ (2018) हा चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतो आणि पुरुषांची टिंगल करतो, असं गेल्या अंकातल्या पत्रात वाचलं. टिंगल करतो, कबूल. पण खरी गंमत तिथंच आहे! चित्रपटातल्या चंदेरी गावात चेटकिणीच्या भीतीनं उत्सवाच्या रात्री घरात बसायची सक्ती बायकांवर नाही, पुरुषांवर. एकट्यानं फिरू नका, मागून हाक आली तर वळू नका. आपल्या मुलींना आपण बारा महिने तेच ऐकवतो. नागपुरात सदरच्या थिएटरात या प्रसंगांना बायका आधी हसल्या, पुरुष जरा उशिरानं. चेटकिणीनं पकडलेल्या गड्याचे नुसते कपडे मागे उरतात, यात भीती किती आणि चिमटा किती, हे प्रेक्षकाला बरोबर कळतं.

अंधश्रद्धेचं म्हणाल, तर ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायकांसकट, भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, तरीही. असल्या गावात संशयाला सिनेमाची गरज लागत नाही. उलट ‘स्त्री’तली चेटकीण आधी अन्याय सोसलेली बाई निघते, आणि शेवटी गाव तिच्याकडेच रक्षण मागतं.

पत्रलेखकांनी भांडायचंच होतं, तर श्रद्धा कपूरच्या पात्राला अख्ख्या चित्रपटात नाव का नाही, यावर भांडायचं. तिथं मीही त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

— एक वाचक, सदर, नागपूर