त्या गॅरेजचं भाडं कोण भरत होतं?

परवा पुन्हा ते ढकलपत्र आलं. पूर्वी विरोपातून यायचं, आता घरच्या व्हॉट्सॅप गटावर येतं, एवढाच फरक. सबीर भाटिया नावाचा एक मुलगा अडीचशे डॉलर खिशात टाकून अमेरिकेत उतरला, त्याने हॉटमेल काढलं, बिल गेट्सला झुलवलं आणि ४० कोटी डॉलर घेऊन मोकळा झाला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि 'आपल्या मुलांना अवश्य वाचायला द्या' अशी सूचना. दिलं बरं का वाचायला! आणि म्हणूनच आज हे लिहायला बसलेय.

भाटिया हुशार नाही असं कोण म्हणतंय? पिलानीहून कॅलटेक, तिथून स्टॅनफर्ड असा त्याचा प्रवास. माझी तक्रार ढकलपत्रात जे नाही त्याबद्दल आहे. त्यात जॅक स्मिथ नाही. हा भाटियाचा अ‍ॅपलमधला सहकारी, हॉटमेलचा बरोबरीचा संस्थापक. ब्राउझरमधून टपाल बघता आलं तर साहेबाच्या नजरेआड एकमेकांना लिहिता येईल, ही कल्पना सुचली ती स्मिथला, गाडीतून घरी जाताना. त्याने गाडीतल्या फोनवरून भाटियाला सांगायला सुरुवात केली, तर भाटिया म्हणाला आधी फोन ठेव, घरी जाऊन साध्या फोनवरून कर, कोणीतरी ऐकेल! हा किस्सा १९९८ मध्येच छापून आलाय, गुपित नाही. ढकलपत्रात तीन लाख डॉलर देणारी ड्रेपर फिशर जर्व्हेटसन ही गुंतवणूक कंपनीही नाही. प्रत्येक पत्राखाली 'तुम्हीही फुकट खातं उघडा' अशी ओळ जोडायची युक्ती, जिच्यामुळे हॉटमेल वणव्यासारखं पसरलं, ती याच कंपनीतल्या टिम ड्रेपरची. तीही ढकलपत्रात नाही.

म्हणजे एकाला सुचलं, दुसऱ्याने विकलं, तिसऱ्याने पैसे आणि युक्ती दिली. ४ जुलै १९९६ ला सुरू झालेली सेवा डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. चांगली गोष्ट आहे की! मग तिचा एकपात्री प्रयोग कशाला करायचा?

गॅरेजचं प्रकरण तर याहून मजेशीर. आपल्याकडे गॅरेज म्हणजे स्कूटर दुरुस्तीचं दुकान. ऑइलने काळे झालेले हात, टपरीवरचा चहा आणि 'उद्या या, पार्ट आला नाही'. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला जोडलेली गाडीची खोली, म्हणजे आधी घर हवं, गाडी हवी आणि गाडी बाहेर उभी करायला जागा हवी. आमच्या पिढीतल्या निम्म्या पुणेकरांना असलं 'दारिद्र्य' आनंदाने चाललं असतं. :)

गूगलचं घ्या. दोन पोरं गॅरेजात बसली आणि जग बदललं, असं सांगतात. प्रत्यक्षातला क्रम नेमका उलटा आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन १९९६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात या शोधयंत्रावर काम करत होते, विद्यापीठाच्या संगणकांवर आणि विद्यापीठाच्याच पत्त्यावरून. त्या संशोधनामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा डिजिटल ग्रंथालयांचा प्रकल्प होता, म्हणजे सरकारी पैसा. ब्रिनला त्याच संस्थेची शिष्यवृत्ती होती. पेजरँकवरच्या निबंधावर राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड या प्राध्यापकांचीही नावं आहेत. मोटवानी २००९ मध्ये गेले. दिल्लीत वाढलेला, आयआयटी कानपूरचा माणूस, पण त्यांच्यावर ढकलपत्र कधी आलेलं नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँडी बेख्टोल्शाइमने एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला. तेव्हा तो वटवायला कंपनीसुद्धा नव्हती! ती सप्टेंबरमध्ये नोंदवली. आणि मग आलं ते गॅरेज, मेन्लो पार्कमधलं सुझन वोजितस्कीचं. महिना १७०० डॉलर भाड्याने. काही महिन्यांत ही मंडळी तिथून हललीसुद्धा.

थोडक्यात, शोधयंत्र आधी तयार, चेकही आधी आलेला, गॅरेज सर्वांत शेवटी. पण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा फोटो काढून त्याखाली 'जिद्द' लिहिता येत नाही ना! पेजरँकचं पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं. त्याच्या वापराच्या बदल्यात मिळालेले शेअर स्टॅनफर्डने २००५ पर्यंत विकले आणि ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले. विद्यापीठाने आपला वाटा बरोबर वसूल केला, ही गोष्ट सांगणारं कुणी भेटत नाही. आपल्याकडच्या कुलगुरूंनी खरं तर हे फ्रेम करून लावायला हवं.

ई-बेच्या बाबतीत तर दंतकथा चक्क बेतलेली होती. पिएर ओमिड्यारने होणाऱ्या बायकोला पेझच्या गोळ्यांच्या डब्या जमवायचा नाद होता म्हणून लिलावाचं संकेतस्थळ काढलं, ही कथा वर्षानुवर्षं छापली गेली. १९९७ मध्ये कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मेरी लू साँग यांनी ती तयार केली होती, कारण 'एका प्रोग्रामरला कार्यक्षम बाजारपेठेची कल्पना भावली' असल्या वाक्यात पत्रकारांना रस नव्हता. २००२ मध्ये अ‍ॅडम कोहेन यांच्या पुस्तकातून हे बाहेर आलं. खरी गोष्ट मला जास्त आवडते. १९९५ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. घेणाऱ्याला विचारलं, बाबा रे, तो मोडलाय हे कळलंय ना? तर तो म्हणे मी मोडकेच जमवतो. जुन्या बाजारात रविवारी हिंडलेल्या कुणालाही हे पटेल. पण त्यात प्रेमकथा नाही, म्हणून ती चालली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडतं? पोरांना स्फूर्ती मिळते ना, मिळू दे की. माझा मुद्दा असा की या गोष्टी ज्यांना वगळतात, ते फुकट वगळले जात नाहीत. कुणाचं तरी येणं बुडवलं जातं.

सगळ्यात आधी सरकारचं, म्हणजे करदात्याचं. मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी १९९३ मध्ये मोझेक हा ब्राउझर लिहिला तो इलिनॉय विद्यापीठातल्या महासंगणक केंद्रात. अँड्रीसन तिथे तासाला ६.८५ डॉलरवर काम करणारा विद्यार्थी. पुढे जिम क्लार्कबरोबर त्याने कंपनी काढली, मोझेक लिहिणारी बरीच पोरं तिकडे ओढून नेली आणि कंपनीला नावसुद्धा मोझेकचंच दिलं. विद्यापीठाने हरकत घेतल्यावर तिची नेटस्केप झाली. ९ ऑगस्ट १९९५ रोजी २८ डॉलरला देऊ केलेला शेअर दिवसाअखेर ५८.२५ वर बंद झाला. फायदा दाखवण्याआधीच! पुढच्या फेब्रुवारीत टाइमच्या मुखपृष्ठावर अँड्रीसन अनवाणी, सिंहासनावर. एरिक बिना कुठे आहेत त्या चित्रात? आणि वेब स्वतः? ती सर्न या युरोपातल्या सरकारांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेत जन्मली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचं सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत वापरायला खुलं केलं. त्यांनी प्रत्येक पानामागे एक पैसा लावला असता तर पुढच्या निम्म्या 'स्वयंभू' अब्जाधीशांना काय सुचलं असतं, देव जाणे.

आपल्याकडेही तेच. १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट आणलं ते विदेश संचार निगमने, तेव्हाच्या सरकारी कंपनीने. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर चित्रं दिसत नसत, नुसती अक्षरं. मोडेमचा तो केकाटण्याचा आवाज अजून कानात आहे. आम्ही निगमला यथेच्छ शिव्या घातल्या, आजही मागे घेणार नाही. :) पण तेव्हाचे सगळे भारतीय डॉटकॉम त्याच तारेला लोंबकळत होते.

त्यानंतर घरच्यांचं. इथे एका माणसाचं मनापासून कौतुक करायचंय, कारण तो हे स्वतः सांगतो. नोकरी डॉट कॉमचे संजीव बिखचंदानी. १९९० मध्ये नोकरी सोडली, १९९७ मध्ये संकेतस्थळ काढलं. मधल्या काळात घर चाललं ते बायकोच्या, सुरभी यांच्या पगारावर. कचेरी वडिलांच्या घरातल्या नोकरांच्या खोलीत. सर्व्हर अमेरिकेत प्राध्यापकी करणाऱ्या भावाने भाड्याने घेऊन दिला, महिना २५ डॉलर, आणि त्याबद्दल भावाला कंपनीत वाटा. संकेतस्थळाचं प्रोग्रामिंग करणाऱ्या मित्रालाही वाटा. ज्याचं त्याला मोजून दिलं आणि वर जाहीरपणे सांगितलं. असा हिशेब देणारा माणूस मला मोठा वाटतो. पण त्याची गोष्ट ढकलपत्रात येते तेव्हा बायको, भाऊ, मित्र सगळे गळतात आणि उरतो एकटा 'जिद्दी तरुण'.

जेफ बेझोसची तीच कथा. गॅरेज सगळ्यांना ठाऊक, पण १९९५ मध्ये आईवडिलांनी जवळजवळ अडीच लाख डॉलर घातले हे कुणी सांगत नाही. शेल काफान या पहिल्या नोकरदाराने अ‍ॅमेझॉनचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर उभं केलं, हेही नाही. अडीच लाख डॉलर देऊ शकणारे आईबाप असणं हा गुन्हा नाही. ते लपवून दुसऱ्याच्या पोराला 'तूही करू शकतोस' म्हणणं मात्र लबाडी आहे.

आणि सर्वांत शेवटी, जे बुडाले त्यांच्याबरोबरच्यांचं. नॅसडॅक १० मार्च २००० रोजी ५०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १११४ वर आला. मधल्या जिन्यावरून कोण गडगडलं? घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने जुलै २००१ मध्ये दिवाळं काढलं, तेव्हा सुमारे दोन हजार लोक रस्त्यावर आले. तिचे प्रमुख जॉर्ज शाहीन एप्रिलमध्येच पायउतार झाले होते; त्यांना तहहयात वर्षाला ३,७५,००० डॉलर देण्याचं करारात लिहिलं होतं. गाड्या चालवणाऱ्यांच्या करारात असं काही असल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये टायनीआउल या जेवण पोचवणाऱ्या कंपनीने कपात केली, तेव्हा पुण्याच्या कचेरीतल्या पोरांनी हिशेब मिळेपर्यंत सहसंस्थापकाला बाहेर पडू दिलं नव्हतं. पद्धत चुकीची, पण ती पोरं तिथवर का आली असतील ते मला कळतं. डॉटकॉमच्या लाटेत मीही एका छोट्या कंपनीत होते (नाव घेत नाही, ती आता नाहीच). अर्धा पगार रोख आणि अर्धा 'पुढे सोनं होईल' अशा कागदावर. तो कागद अजून आहे माझ्याकडे. सोनं सोडा, त्यावर साधा शिक्कासुद्धा नीट उमटलेला नाही.

आपल्या जालावरची एक गोष्ट सांगते. ज्या १९९६ मध्ये हॉटमेल सुरू झालं त्याच १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी मायबोली सुरू केली. गुंतवणूकदार नाही, मुखपृष्ठ नाही. हॉटमेल हे नाव मायक्रोसॉफ्टने पुढे गुंडाळून टाकलं. मायबोलीवर लोक अजून पाककृतींवरून भांडतायत. आपल्यापैकी कितीतरी जण बरहा आणि गमभनच्या जोरावर देवनागरीत लिहायला लागले, ती करणाऱ्यांना आपण काय दिलं? फार तर एक प्रतिसाद, 'धन्यवाद, उपयुक्त!' असा.

असो. मूळ मुद्द्यावर येते. ते ढकलपत्र वाचून आमच्या नात्यातला एक मुलगा नोकरी सोडतोय. (तो ही जालनिशी वाचतो. वाच बाळा.) अ‍ॅप काढणार आहे. कल्पना वाईट नाही, मी ऐकली. पण भांडवल म्हणून वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड आणि राहत्या फ्लॅटवर कर्ज. दादा काही बोलत नाही, कारण 'मुलाच्या पंखांत बळ द्या' हेही त्याच गटावर येतं. वहिनीला कुणी विचारलेलंच नाही, आणि फ्लॅट दोघांच्या नावावर आहे.

काढ ना कंपनी! तुझ्या वयात नाही काढायची तर कधी? पण मला आधी एक कागद हवाय. आईबाबांचे पैसे हे कर्ज की भागीदारी? भागीदारी असेल तर किती टक्के? तुझा तो मित्र, जो रात्री जागून सगळा कोड लिहितोय, त्याचा वाटा किती, आणि तो त्याला लिहून दिलायस का? पहिल्या दोन मुलांना पगार किती महिने देऊ शकशील, आणि नाही देता आला तर त्यांना कधी सांगशील? बिखचंदानींनी सर्व्हरच्या पंचवीस डॉलरचासुद्धा वाटा भावाला दिला होता. तुझ्या आईचा तर अर्धा फ्लॅट आहे.

रविवारी जेवायला ये, कागद घेऊन ये. तोवर वहिनी सही करणार नाही, मी तिच्याशी बोललेय.