पैसा आहे, काम आहे. मधला दुवा कुठं तुटतो?
सामुदायिक निधीतून मदत मिळवू पाहणाऱ्या संस्थांसाठी

मंगळवार पेठेत वर्गणी ही काही नवलाची गोष्ट नाही. गणपती असो, फुटबॉलचा हंगाम असो, कुणा पैलवानाच्या खुराकाचा प्रश्न असो, पावती पुस्तक निघतं आणि दोन-चार दिवसांत रक्कम उभी राहते. गावाकडंही तसंच. देवळाचा जीर्णोद्धार, यात्रा, शाळेची खोली, यांना लोक हात आखडता घेत नाहीत. मग प्रश्न असा पडतो की, देणारे हात इतके असताना पूर ओसरल्यावर जनावरांच्या चाऱ्याचं, बियाण्याचं किंवा पाणंद रस्त्याचं काम करणाऱ्या छोट्या संस्था 'पैसा नाही' म्हणून का थांबतात?

कृषी खात्याच्या कामानिमित्त शिरोळ, करवीर, हातकणंगले भागात फिरताना हा प्रश्न वारंवार समोर येतो. उत्तर सरळ आहे. वर्गणीचा पैसा ओळखीवर मिळतो, अनुदानाचा पैसा कागदावर मिळतो. आपली मंडळं पहिल्यात तरबेज आहेत, दुसऱ्यात कच्ची आहेत. हा कच्चेपणा घालवता येण्यासारखा आहे, म्हणूनच हा लेखप्रपंच.

सामुदायिक निधी म्हणजे काय?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरनं एक वेगळी व्यवस्था सुरू केली. एकेका धनिकानं स्वतंत्र ट्रस्ट काढण्याऐवजी अनेकांच्या देणग्या एका निधीत ठेवायच्या, मूळ रक्कम जपायची आणि तिच्या उत्पन्नातून त्या शहरातल्याच संस्थांना मदत द्यायची. कुणाला द्यायची हे स्थानिक माणसांच्या मंडळानं ठरवायचं. यामागं एक व्यवहारी विचार होता. समजा कुणी मृत्युपत्रात 'गावात आड खणण्यासाठी' रक्कम ठेवली आणि पुढं गावात नळ आला, तर तो पैसा अडकून पडतो. सामुदायिक निधीत मात्र काळाप्रमाणं गरज बदलली की खर्चाची दिशाही बदलता येते.

आपल्याकडं मुंबईत १९९१ साली 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' या धर्तीवर उभा राहिला. त्याचं कार्यक्षेत्र मुंबई. अशा प्रतिष्ठानाचा हाच स्वभाव असतो: ज्या भागातला पैसा, त्या भागातलं काम. कोल्हापूरच्या संस्थेनं मुंबईच्या निधीकडं अर्ज केला तर तो पहिल्याच चाळणीत बाजूला पडणार, यात अन्याय काही नाही.

कोल्हापूरला ही कल्पना परकी वाटण्याचं कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वसतिगृहं उभी केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची मुलं, अशी एकेक सोय होत गेली. संस्थाननं जागा आणि अनुदान दिलं, पण समाजातल्या माणसांनीही देणग्या द्याव्यात आणि कारभार पाहावा, असा महाराजांचा आग्रह होता. दान एकदा देऊन संपू नये, त्यातून कायमची सोय व्हावी, हे तत्त्व या शहरानं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

आपल्या जवळ पैसा कुठं आहे?

सामुदायिक प्रतिष्ठान नावानं पाटी नसली तरी त्याच जातीचे तीन झरे आपल्या जिल्ह्याला जवळ आहेत.

पहिला, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारी निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. कंपनी जिथं चालते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती आपल्या दारात आहेत. तिथला प्रत्येक कारखाना या मर्यादेत बसत नाही, पण जे बसतात त्यांची यादी करण्याचे कष्ट किती संस्थांनी घेतले?

दुसरा, सहकार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये नफ्यातला काही भाग सार्वजनिक आणि धर्मादाय कामासाठी बाजूला काढण्याची मुभा आहे. दूध संघ, साखर कारखाने, बँका, पतसंस्था यांचं जाळं या जिल्ह्याइतकं दाट फार थोड्या ठिकाणी असेल.

तिसरा, बाहेरगावी आणि परदेशी गेलेली आपली माणसं. इथं मात्र जपून पाऊल टाकावं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेमार्फत पाठवतो तेव्हा ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती विदेशी देणगी ठरते आणि २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही. माणूस आपल्याच गल्लीतला असला तरी कायदा पासपोर्ट बघतो.

फाईल आधी, अर्ज नंतर

देणारी संस्था पहिल्यांदा काम बघत नाही, फाईल बघते. हे मनाला लागतं, पण दुसऱ्याचा पैसा वाटणाऱ्या माणसाला हिशेब द्यायचा असतो, हेही समजून घेतलं पाहिजे. फाईलमध्ये पुढचे कागद तयार हवेत.

१. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची नोंदणी. सोसायटी असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं प्रमाणपत्रही.

२. विश्वस्तांची अद्ययावत यादी. विश्वस्त बदलला, वारला किंवा त्यानं राजीनामा दिला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बऱ्याच मंडळांची गाडी इथंच रुतते. कागदावरचा अध्यक्ष वेगळा आणि प्रत्यक्ष काम बघणारा वेगळा, असं असेल तर बँकसुद्धा सही मानत नाही.

३. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. ३१ मार्चला हिशेब बंद करायची शिस्त हवी.

४. आयकर खात्याकडची धर्मादाय नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता. लोक यांना '१२-अ' आणि '८०-जी' म्हणून ओळखतात. या नोंदण्या मुदतीच्या असतात, नूतनीकरण चुकवू नये. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरलेला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा अर्ज भरताना सनदी लेखापालाला विचारून घ्यावं. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हेही पावती फाडताना सांगावं.

५. कंपनीकडून पैसा घ्यायचा तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं सीएसआर-१ हा नमुना भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून हे आवश्यक आहे. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घ्यायचं तर तिला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, असाही नियम आहे.

नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी किंवा मदतकार्यासाठी पैसे गोळा करायचे झाल्यास विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेता येते. पण ती तात्पुरती. तिच्यावर अनुदान मिळत नाही.

'मदत मिळावी ही विनंती' एवढ्यानं भागत नाही

अर्ज कसा नसावा? 'आमची संस्था समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे, तरी भरीव आर्थिक मदत मिळावी' असा नसावा. यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कुणाचं, कुठलं, किती दिवसांचं, किती रुपयांचं काम, आणि ते झालं हे कशावरून ओळखायचं, या पाच गोष्टी पहिल्या पानावर आल्या पाहिजेत.

उदाहरणच घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. माणसं कशीबशी बाहेर निघाली, पण गोठ्यातल्या दुभत्या जनावरांच्या वैरणीचं काय, हा प्रश्न दोन्ही वेळेला उभा राहिला. पुरात उसाचं वाडं, कडबा, हिरवा चारा सगळंच जातं. यावर एक उपाय म्हणजे पावसाळ्याआधीच उंचावरच्या जागेवर मुरघास करून ठेवणं.

आता याचा अर्ज मांडू. दोनशे जनावरं, दहा दिवस, रोज प्रत्येकी १५ किलो मुरघास. म्हणजे दिवसाला ३ टन आणि एकूण ३० टन. त्यासाठी साधारण दोन ते अडीच एकर मका लागेल. समजा मका घेऊन मुरघास तयार करायला किलोला ७ रुपये पडले, तर २ लाख १० हजार. वाहतूक आणि झाकणं ३० हजार, खनिज मिश्रण आणि औषधं २० हजार, नोंदवही, फोटो, हिशेब तपासणी १० हजार. एकूण २ लाख ७० हजार. म्हणजे एका जनावरामागं दिवसाला १३५ रुपये. दर इथं उदाहरणादाखल धरले आहेत, आपल्या भागातला चालू भाव घालावा. जागा, ट्रॅक्टर, मजुरी मिळून ७० हजारांचा वाटा गाव उचलेल आणि २ लाख निधीकडून मागू. असा अर्ज आला की देणारा प्रश्न विचारू शकतो, कारण त्याला धरायला आकडा मिळतो. आणि ज्या अर्जावर प्रश्न विचारले जातात त्याचाच पुढं विचार होतो.

लोकवाटा दाखवलाच पाहिजे. २०१७ साली राज्यात आलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ शेतात वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्यानं करायचा होता. ज्याचा स्वतःचा पैसा घामासकट कामात आहे, तो ते काम अर्धवट सोडत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असतं.

आता वेळेचं गणित बघा. मुरघास मुरायला ४५ ते ६० दिवस लागतात. जूनअखेर तो तयार हवा तर एप्रिलअखेर, फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात मका कापायचा. मका चिकात यायला पावणेतीन महिने लागतात, म्हणजे पेरणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्याआधी पैसा मंजूर व्हायचा तर अर्ज दिवाळीच्या आसपास गेला पाहिजे. पूर ऑगस्टमध्ये येतो आणि आपण अर्ज ऑगस्टमध्येच लिहितो. ज्याला शेतीतला हंगाम कळतो त्याला अनुदानाचा हंगाम कळायला अवघड नाही.

दोष एका बाजूचा नाही

इथवर संस्थांना सांगितलं. आता दुसरी बाजू. ज्याला चांगलं लिहिता येतं त्यालाच पैसा मिळणार असेल, तर शहरातली चकचकीत कार्यालयं पुढं जातील आणि कमरेएवढ्या पाण्यातून म्हशी ओढून काढणारं गावचं मंडळ मागं राहील. बचत गटातल्या बायका गोठ्याचा हिशेब तोंडपाठ सांगतात, पण इंग्रजी नमुना पुढं आला की गप्प बसतात. निधी देणाऱ्यांनी अर्ज मराठीतून घ्यावेत, लाख-दोन लाखांच्या छोट्या कामांसाठी दोन पानी नमुना ठेवावा आणि निर्णयाआधी जागेवर येऊन बघावं. गावात एक फेरी मारली तर वीस पानी अहवालापेक्षा जास्त कळतं.

दुसरा धोका आश्रयाचा. आपल्या जिल्ह्यात मंडळामागं नेता आणि नेत्यामागं कारखाना किंवा बँक, ही साखळी नवी नाही. निधी देणाऱ्या मंडळावर सगळे एकाच गटाचे असतील तर अनुदान म्हणजे निवडणुकीची पेरणी होईल. म्हणून निकष आधी जाहीर करावेत, नाकारलेल्या अर्जाचं कारण लेखी कळवावं आणि कुणाला किती दिले ते दरवर्षी छापावं.

छोट्या मंडळांसाठी एक मधला मार्ग आहे. प्रत्येकानं ट्रस्ट काढायची गरज नाही. ज्या संस्थेची कागदपत्रं पूर्ण आहेत तिनं अर्जदार व्हावं आणि दोन-तीन मंडळांनी तिच्याबरोबर लेखी करार करून काम वाटून घ्यावं. निधी देणाऱ्याला हे अर्जातच स्पष्ट सांगावं. मात्र पैसा तिच्याच खात्यात येणार आणि जबाबदारीही तिचीच राहणार, हे आधीच ठरलेलं बरं. नाहीतर पुढं पैशावरून मैत्री तुटते.

आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब मागायच्या आत द्यावा. पहिला हप्ता संपला की पावत्या, फोटो, लाभार्थ्यांच्या सह्या आणि जे जमलं नाही ते का जमलं नाही याची चार ओळींत कबुली. तीस टनांऐवजी पंचवीस टन झाला तर पंचवीसच लिहावा. खरा आकडा दिलेल्या संस्थेकडं देणारा पुढच्या वर्षी स्वतःहून येतो.

ज्या मंडळांना पुढच्या पावसाळ्यासाठी काही करायचं आहे त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं: विश्वस्तांची यादी काढावी, बदल अर्ज बाकी आहे का ते बघावं आणि मागच्या तीन वर्षांचे हिशेब एका फाईलला लावावेत. आधी शेत नांगरून ठेवावं. पाऊस कधी पडेल ते आपल्या हातात नसतं.