घटस्फोट घ्यायचाच असेल, तर...

संसार पुढे रेटायचा नाही हे दोघांचंही ठरलं असेल, तर नोटीस धाडण्याआधी जरा थांबा. रागाच्या भरात पहिल्या नोटिशीत जे लिहिलं जातं ते कायमचं कागदावर राहतं, आणि मग भांडण नवरा-बायकोचं न राहता दोन घराण्यांचं होतं.

अमेरिकेत मिनियापोलिसच्या स्टू वेब नावाच्या वकिलाने अशा खटल्यांना विटून १९९० मध्ये वेगळी वाट काढली. दोघांचे दोन वकील, चौघेही एकाच टेबलाशी. बोलणी फिसकटून प्रकरण कोर्टात लढवायची वेळ आली, तर या दोन्ही वकिलांनी त्यातून बाजूला व्हायचं, अशी आधीच लेखी हमी. खरी मेख हीच. भांडण पेटतं ठेवण्यात वकिलाचा लाभ उरत नाही.

आपल्याकडे या पद्धतीचा वेगळा कायदा नाही, पण परस्पर संमतीने घटस्फोट घेण्यासाठी हिंदू विवाह कायद्यातलं कलम १३-ब आहे आणि विशेष विवाह कायद्यातलं कलम २८ आहे. वर्षभर वेगळे राहत असाल तर एकत्र अर्ज करता येतो. पुढचे सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा वकीलपत्रावर सही करतानाच, कोर्टात लढायची वेळ आली तर बाजूला होण्याची लेखी हमी वकिलाकडे मागा. नाही म्हणणारा वकील निदान वेळेवर कळेल.

टेबलाशी बसताना दोघांनी पगार, ठेवी, कर्जं, लॉकरमधलं सोनं यांची खरी यादी आणावी. स्त्रीधन तिचं, त्यावर घासाघीस नको. मामा-काकांना घरीच राहू द्या. ‘मुलाला भेटता येईल’ एवढंच लिहून थांबू नका. कोणता वार, किती वाजता, दिवाळीची सुट्टी कुणाकडे, शाळेची आणि क्लासची फी कोण भरणार, आजारपणात काय, सगळं लिहा. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँकेशीही बोला. ‘हप्ते तो भरेल’ असं तुम्ही आपसात ठरवलंत म्हणून बँक तुमचं नाव काढत नाही. हप्ता थकला की फोन तुम्हालाच येतो.

मात्र घरात मारहाण असेल, धाक असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. तिथे संरक्षण अधिकारी किंवा थेट न्यायालय गाठा.

आणखी एक. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पोटगीची सगळी रक्कम आधीच हातात देऊ नका, आणि घेणाऱ्यानेही नुसत्या शब्दावर राहू नये. काही भाग अर्जाच्या वेळी आणि उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट शेवटच्या तारखेला न्यायालयासमोर, असं संमतीच्या अटींतच घाला.