जात, जाती आणि प्रजाती

पदवीच्या पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवताना 'शब्दांच्या जाती' हे प्रकरण आले, की वर्गात एक बारीकशी चुळबुळ होते. कोणी हसते, कोणी वहीत डोके घालते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने सरळच विचारले, "सर, शब्दांनासुद्धा जात असते का?" वर्ग हसला, मीही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. पुढे त्याच प्रश्नाचे दुसरे टोक हाती लागले ते जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत.

ठाणे परिसरातील उड्या मारणाऱ्या एका कोळ्याला २०२१ साली 'आयसियस तुकारामी' असे शास्त्रीय नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्याला जिवंत पकडताना प्राण गमावलेले साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे हे स्मरण. भाषेच्या अभ्यासकाला या नावात आणखी एक गंमत दिसेल. 'तुकारामी' हे लॅटिनमधील षष्ठीचे रूप आहे, म्हणजे 'तुकारामाचा'. एका मराठी माणसाचे नाव लॅटिन विभक्ती लेवून जगभरच्या ग्रंथांत गेले. पण अशा शोधांच्या बातम्या मराठीत येतात तेव्हा 'नवी प्रजाती सापडली' असे सर्रास छापले जाते. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ते चूक आहे. तेथे 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. 'आयसियस' ही प्रजाती आधीपासूनच ज्ञात होती. नवी होती ती 'तुकारामी' ही जाती.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. लिनीअसने १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी जी द्विनाम पद्धती पक्की केली, तिचा सारा डोलारा या दोन पायऱ्यांवर उभा आहे. पहिले नाव नात्याचे, दुसरे ओळखीचे. वड, पिंपळ आणि उंबर ही आपल्या दृष्टीने तीन वेगळी झाडे, तीन वेगळ्या श्रद्धा. वनस्पतिशास्त्र मात्र त्यांना फायकस बेंगालेन्सिस, फायकस रिलिजिओसा आणि फायकस रेसिमोसा अशी नावे देऊन एकाच घरात बसवते आणि अंजिरालाही त्याच पंगतीत घेते. कारण या सर्वांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या बंद पोकळीत दडलेली असतात. ही एक प्रजाती आणि या तिच्या जाती. दोहोंना 'प्रजाती' म्हणू लागलो, तर 'फायकस प्रजातीच्या अनेक प्रजाती' असे वाक्य लिहावे लागते, आणि त्यातून कोणालाही काही कळत नाही.

मग 'जाती' हा शब्द मागे का पडला? हिंदी वृत्तसृष्टीत स्पीशीजसाठी 'प्रजाति' रूढ आहे, हे एक कारण. दुसरे कारण माझ्या मते संकोचाचे आहे. 'जाती' म्हटले की जात आठवते. वाघाची जाती, गवताची जाती असे लिहिताना हात अडखळतो आणि 'प्र' हा उपसर्ग लावून आपण सोवळे होतो. पण सुटका होत नाही. 'प्रजाती' स्पीशीजला दिला, की जीनससाठी 'वंश' घ्यावा लागतो आणि काही लेखनात तो घेतलाही जातो. 'वंश' हा शब्द काय कमी रक्ताळलेला आहे?

वस्तुतः 'जाती' हा शब्द समाजातील उतरंडीची मिरासदारी कधीच नव्हता. न्यायदर्शनात जाती म्हणजे अनेकांत असणारे सामान्य, जसे गोत्व. छंदःशास्त्रात मात्रावृत्तांना जाती म्हणतात. संगीतात रागाची जाती औडव असते, षाडव असते. संस्कृतात 'जाती' हे एका सुगंधी फुलाचेही नाव आहे. आपली जाई तिथूनच आली. मूळ धातू 'जन्'. लॅटिन 'जीनस'ही त्याच प्राचीन मुळाचा. 'स्पीशीज' मात्र पाहणे या अर्थाच्या धातूपासून आलेला; म्हणजे रूप, दर्शन. युरोपीय परंपरेने दिसण्यावरून वर्ग पाडायला सुरुवात केली आणि डार्विननंतर ती जन्माच्या नात्यावर आली. त्या दृष्टीने मराठी परिभाषाकारांनी दोन्ही पायऱ्यांसाठी 'जन्'चीच रूपे निवडली, हे आजच्या शास्त्राशी बरेच जुळते.

पण व्युत्पत्तीने प्रश्न सुटत नाहीत. ज्याने हा शब्द शिवीसारखा ऐकला आहे, त्याला 'जाई'ची गोष्ट सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ इतका काळ लढा पाहिलेल्या या शहरात तरी 'नावात काय आहे' असे कोणी म्हणू नये. म्हणून उत्तर शब्दाच्या इतिहासात शोधण्याऐवजी संकल्पनेत शोधले पाहिजे.

एर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली जीवशास्त्रीय जातीची जी व्याख्या मांडली, तिचा आशय असा : निसर्गात परस्परांत प्रजनन करणारे आणि इतर गटांपासून प्रजननदृष्ट्या विलग असलेले समूह म्हणजे जाती. वनस्पतींतील संकरांमुळे ही व्याख्या सर्वत्र लागू पडत नाही. पण तिचा गाभा ध्यानात घ्यावा. कुंपण निसर्गाचे आहे. आता १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी वाचलेला भारतातील जातिसंस्थेवरील निबंध समोर ठेवावा. तेथे जातीचे मर्म म्हणून त्यांनी एकच गोष्ट काढली : सजातीय विवाह, म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी. तिथेही प्रश्न कुंपणाचाच आहे. पण हे कुंपण माणसाने घातलेले आहे, आणि ते टिकवण्यासाठी बंदी, बहिष्कार व हिंसा लागते.

हा फरक मला निर्णायक वाटतो. जे निसर्गतः अशक्य आहे त्यावर बंदी घालावी लागत नाही. वडाने उंबराशी सोयरीक करू नये म्हणून कोणतीही पंचायत बसत नाही. आंतरजातीय विवाहाला विरोध करावा लागतो, यातच जात नैसर्गिक नसल्याचा पुरावा आहे. १९३६च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात रक्तशुद्धी राखते हा दावा बाबासाहेबांनी खोडून काढला, तोही याच दिशेने. 'जाती' हा शब्द जीवशास्त्रात राहिला, तर ही तुलना मराठीत मराठी शब्दांनिशी करता येते. तो पुसला, तर युक्तिवादाची एक धारच जाते.

अर्थात शास्त्र सोवळे आहे असे मानण्याचे कारण नाही. लिनीअसने १७५८च्या ज्या ग्रंथात माणसाला 'होमो सेपियन्स' म्हटले, तेथेच त्याने खंडांनुसार व वर्णांनुसार माणसांचे प्रकार पाडले आणि त्यांना स्वभावगुण चिकटवले. वर्गीकरण करणारा हात आपल्या काळाचे पूर्वग्रह सोबत घेऊन येतो. फरक इतकाच, की शास्त्रातील वर्ग पुराव्यापुढे मोडतात. तो प्रकार मोडला. 'होमो सेपियन्स' ही एकच जाती उरली.

तेव्हा मराठीच्या शिक्षकांनी जीवशास्त्रातील जाती-प्रजाती हा भेद आग्रहाने पाळावा, असे मला वाटते. त्या विद्यार्थ्याला आज मी हसून टाळणार नाही. त्याला सांगेन : शब्दांना जाती असतात, पण त्या जन्माने ठरत नाहीत. 'चांगला मुलगा' म्हणताना 'चांगला' विशेषण असतो, 'तो चांगला खेळतो' म्हणताना क्रियाविशेषण. वाक्यात तो काय काम करतो त्यावर ते ठरते, आणि काम बदलले की जातही बदलते. वडा-पिंपळांच्या जाती जन्माने ठरतात, पण त्यांत कोणी उच्च-नीच नसते. जन्माने ठरणारी आणि वर उतरंडही लावणारी जात तेवढी आपण निर्माण केलेली आहे.