शिबिर फक्त पोरींनाच का?

रेंज ऑफिसजवळ परवा बॅनर पाहिला. मुलींसाठी मोफत स्वसंरक्षण शिबिर. वर सात नेत्यांचे फोटो, मुलीचा एकही नाही. (असो.)

शिबिराला माझा विरोध नाही. माझीही पोरगी जाणार आहे. कोणी अंगावर आला तर दोन हात लांब राहायचं, पंजे छातीसमोर धरायचे, 'मागे हो' असं मोठ्याने बोलायचं, मनगट धरलंच तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा, आणि सुटल्यावर थांबायचं नाही. हे यायलाच पाहिजे.

पण मंडळी, 18 जून 2024 विसरलात का? चिंचपाडा, आपल्या वसई पूर्वेतच. सकाळची वेळ, कंपन्यांत कामाला जाणाऱ्यांची वर्दळ. कामावर निघालेल्या पोरीला भर रस्त्यात एकाने लोखंडी पान्याने डोक्यात मारलं. ती पडल्यावरही मारत राहिला. एकजण अडवायला गेला, त्याच्यावर पाना उगारला, तो मागे सरला. त्याच्या सोबत आणखी चार गेले असते तर? बाकीचे बघत होते, काही शूटिंग करत होते. त्या पोरीला कुठला कराटे कामाला आला असता, सांगा!

आणि मी? मी त्या दिवशी तो व्हिडिओ चार ग्रुपवर टाकला. बातमी आपली पहिली लागावी म्हणून. नंतर डिलीट केला, पण तोवर फिरला होता. त्यामुळे हे लिहिताना मी कोणी साधू नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, जून 2023 मध्ये, पुण्यात सदाशिव पेठेत कोयता घेऊन एक पोरगा मुलीच्या मागे लागला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी त्याला धरला. मुलगी वाचली. ते काही पैलवान नव्हते.

'पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार' हे आपलं ठरलेलं उत्तर. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 वाचा. स्वतःच्याच नाही, दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या बचावाचा हक्क कायदा देतो. जुन्या आयपीसीतही कलम 97 मध्ये होताच. अट एवढीच की बचावापुरतंच मारायचं. तो आडवा झाल्यावर जमावाने तुडवायचं, याला बचाव म्हणत नाहीत.

एकट्याने हत्यारासमोर जाऊ नका, हेही खरं. पण ओरडता येतं. 'ओ निळा शर्ट, 112 लावा' असं एकाकडे बोट करून सांगता येतं. नुसतं 'कोणीतरी पोलिसांना बोलवा' म्हटलं की कोणीच लावत नाही. लांबून स्टूल, हेल्मेट, हाताला लागेल ते फेकता येतं. चार जण चार बाजूंनी गेले तर पानेवाल्याला मान कुठे वळवावी कळत नाही.

आयोजकांना फोन केला होता. म्हटलं, रिक्षा स्टँडवाले, दुकानदार, कंपन्यांचे सुपरवायझर यांचीही एक बॅच ठेवा. ते हसले. म्हणाले, 'पुरुष येतील का, साहेब?'

माझं नाव लिहून घ्या म्हटलं. अजून लिहिलेलं नाही.