आबांचे नातू

२०२४ च्या विधानसभेला मी पहिल्यांदा मत दिलं. यादी वाचताना वाटलं, ही उमेदवारांची यादी आहे की लग्नपत्रिका? अमक्यांचे चिरंजीव, तमक्यांचे पुतणे! होस्टेलवर येऊन तसं बोलले, तर माझी सांगोल्याची रूममेट भडकली. ‘‘आमच्या आबांबद्दल तुला काय माहितेय गं?’’

खरंच काही माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला अब्राहम लिंकन शिकवला, गणपतराव देशमुख नाही. मग सबमिशन बाजूला ठेवून शोधाशोध केली.

मित्रांनो, हा माणूस ११ वेळा आमदार झाला! वकिली शिकलेले, मागे राजकारणातलं घराणं नाही. १९६२ ला शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ ला पुन्हा पडले. १९७८ आणि १९९९ ला मंत्री होते, पण बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर गेलं. पक्ष मात्र शेवटपर्यंत एकच. आजकाल जो तो ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ सत्तेकडे उडी मारतो. आबांचा तालुका तर दुष्काळी. तरी त्यांनी तिथेच सहकारी सूतगिरणी उभी केली, टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. आणि आमदार असून प्रवास एसटीने! (आम्हाला इथे स्टेशनपर्यंतसुद्धा रिक्षा लागते.)

नव्वदी ओलांडल्यावर, २०१९ ला ते थांबले. तिकीट कुणाला? नातू अनिकेत यांना. ते ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ ला आबा गेले. २०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब, निवडून आले.

मी रूममेटला म्हटलं, ‘‘मग हेही घराणंच की!’’

ती म्हणाली, ‘‘एकदा पाडलं ना आम्ही? आणि शेकापचं तिकीट मिळून असं काय मोठं मिळतं?’’

मुद्दा बरोबर आहे. २०२४ ला त्या पक्षाची अख्ख्या राज्यात ही एकच जागा आली. असा वारसा घ्यायला धाडस लागतं, हे मला मान्य. पण पाच दशकांहून जास्त काळ आबांबरोबर झेंडे लावणारे, सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते होतेच ना? त्यांच्यातला एकही उमेदवार म्हणून पुढे येऊ नये? नातू चांगले असतीलही, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती आबांसारखा माणूससुद्धा आपल्यामागे घराबाहेरचं नाव ठेवून गेला नाही, याची.

रूममेट यावर काही बोलली नाही. तिचे काका पक्षाचे जुने कार्यकर्ते आहेत. दिवाळीला घरी गेली की त्यांनाच विचारते म्हणाली.