कोरड्या काखेचा ताप

फवारणीचे औषध प्यालेला रुग्ण रात्री दवाखान्यात आणला जातो, तेव्हा आपण ॲट्रोपिन सुरू करतो आणि दर काही मिनिटांनी त्याच त्या गोष्टी पाहत राहतो. छातीतली घरघर थांबली का, नाडी वाढली का, रक्तदाब सावरला का, काख कोरडी झाली का. करमाळा, माढा, माळशिरस या ऊस-केळीच्या पट्ट्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचा हात अशा काखेत कितीदा तरी गेलेला असतो. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा सिंपथेटिक असल्या तरी त्यांचे रसायन ॲसिटिलकोलीन असते, म्हणून ॲट्रोपिनने घाम थांबतो. मात्रा जास्त झाली की अंग तापते, रुग्ण बरळू लागतो. हा ताप संसर्गाचा नाही हे तेव्हा कुणी आपल्याला सांगावे लागत नाही.

तोच हात एप्रिलमध्ये तापलेल्या नऊ महिन्यांच्या मुलाच्या काखेत फक्त थर्मामीटर ठेवण्यापुरता जातो. या अंकाचे संपादकीय त्या मुलासाठी आहे.

जेऊर हे सोलापूर-पुणे लोहमार्गावरचे करमाळा तालुक्यातले गाव. आजार लांबला की नातेवाईक एक गाडी धरून सोलापूरला जातात किंवा उलट दिशेची धरून पुण्याला. असे एक मूल डोळ्यांसमोर आणा. फाल्गुन सरता सरता त्याला ताप येऊ लागतो. दुपारी १०२-१०३, रात्री उतरलेला, पहाटे मूल हसतेखेळते. अँटिबायोटिक दिले जाते, ताप राहतो. दुसरे दिले जाते, तरी राहतो. विडाल, मलेरिया, डेंग्यू, लघवी, छातीचा एक्स-रे, सगळे होते आणि काही सापडत नाही. मृगाचा पाऊस पडतो, हवा गार होते, ताप जातो आणि शेवटच्या औषधाला यश मिळते. पुढच्या उन्हाळ्यात कागदांची तीच पिशवी घेऊन आई पुन्हा बाकावर बसलेली असते. घरात तोवर ‘अंगात कडकी आहे’ असे ठरलेले असते. सब्जा, वाळ्याचे पाणी, डोक्यावर ओले फडके हे उपाय सुरू असतात, आणि त्यातले ओले फडके हे आपल्या सगळ्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा अधिक बरोबर असते.

ते का, हे हिशोबाने पाहण्यासारखे आहे. हवा त्वचेपेक्षा गार असते तोवर शरीराची उष्णता नुसती बाहेर पडत राहते. पारा ४० च्या वर गेला की उलट होते. हवा, जमीन, पत्रा सगळेच शरीराला उष्णता देऊ लागतात. तेव्हा बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. दहा किलोच्या मुलाचे तापमान एक अंश सेल्सिअसने बदलायला आठ किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे त्याचा एक अंश उतरवायला त्वचेवरून साधारण पंधरा मिलिलिटर, तीन लहान चमचे पाणी वाळले की काम होते. निरोगी माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी हे काम दिवसभर गाजावाजा न करता करत असतात. ज्याच्या त्वचेत त्या जन्मतःच नाहीत किंवा अगदी थोड्या आहेत, त्याला ते तीन चमचे दुसऱ्या कुणीतरी द्यावे लागतात.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. हायपोथॅलॅमसने तापमानाची पातळी वर नेलेलीच नसते, तर औषध ती खाली काय आणणार? तरीही ताप उतरत नाही म्हणून मात्रा वाढते, वेळा जवळ येतात आणि यकृताला धोका होतो. सर्दीच्या सिरपमधले क्लोरफेनिरामिन किंवा पोटदुखीच्या थेंबांतले डायसायक्लोमिन असेल, तर उरलासुरला घामही आपणच बंद करतो. डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालील बाळांना देऊच नये, हे या निमित्ताने पुन्हा लिहिणे भाग आहे.

निदानासाठी पुण्या-मुंबईची प्रयोगशाळा नंतर लागते. आधी तोंड उघडून पाहावे लागते. हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसियात दात उशिरा येतात, थोडे येतात आणि पुढचे दात सुळ्यांसारखे निमुळते असतात. डोक्यावरचे केस विरळ आणि फिके, भुवया जवळपास नाहीत, डोळ्यांभोवतीची कातडी काळसर आणि सुरकुतलेली, नाकाचा दांडा बसका, नाकात सुकलेल्या खपल्या, आवाज घोगरा. यातले प्रत्येक लक्षण सुटे पाहिले तर क्षुल्लक वाटते. दात उशिरा येतात म्हणून कॅल्शियम, केस विरळ म्हणून तेल, आवाज घोगरा म्हणून वाफ, नाकाला थेंब. चारही तक्रारी घेऊन एकच मूल आलेले असते, आणि त्या एकत्र ठेवण्याचे काम कुठल्याही एका तज्ज्ञाचे नाही. ते फॅमिली डॉक्टरचे आहे. आपल्याच वर्गावर हे ओझे टाकताना आम्हाला संकोच वाटत नाही, कारण दंतवैद्य, कान-नाक-घसा, त्वचा आणि बालरोग या चारही खोल्यांबाहेर थांबलेल्या त्या आईला ओळखणारे आपणच आहोत.

मुलाचे दात पाहून झाले की आईचे पाहा. या विकाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असेल तर तिचा एखादा वरचा दात नसतो किंवा खुंटीसारखा असतो, केस पातळ असतात आणि तिला घाम येतो तो पट्ट्यापट्ट्यांनी. मग मामाची चौकशी करा. ‘मामावर गेलाय’ असे घरात सहज म्हटले जाते. इथे त्या वाक्यात निम्मी वंशावळ असते. तारुण्यातच टक्कल पडलेला, कवळी लावणारा, उन्हाळ्यात विहिरीच्या कडेने राहणारा मामा सापडला की रक्ततपासणीआधीच निदान जवळ आलेले असते.

हे निरीक्षण जुने आहे आणि एका अर्थाने आपल्याच इलाख्यातले आहे. सिंध मुंबई इलाख्यात असताना तिथल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत वेडरबर्न या गृहस्थांनी चार्ल्स डार्विनला कळवली. पाळीव प्राणी व वनस्पतींमधील बदलांवरच्या त्याच्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत ती आली. चार पिढ्यांतले दहा पुरुष, मोजके दात, अंगावर केस फारच थोडे, लवकर टक्कल आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेचा त्रास. मुलींना विकार होत नाही, पण त्यांच्या मुलांत उतरतो आणि बापाकडून मुलाकडे जात नाही, हेही त्यात नोंदलेले आहे. मेंडेलचे काम तेव्हा कुणाच्या लक्षात आलेले नव्हते. पुढे थडानी यांनी १९२१ आणि १९३४ मध्ये सिंधमधल्या या ‘बिनदाताच्या’ माणसांवर आनुवंशिकतेच्या नियतकालिकात लिहिले. संबंधित जनुक १९९६ मध्ये हाती आले, पण त्याची वाट कुठून जाते हे कुटुंबाशी बोलून त्याआधी सुमारे एकशेवीस वर्षे कळले होते.

मात्र हे बोलताना जपून बोलले पाहिजे. ‘आईकडून आले’ हे वाक्य आपल्या खोलीत शास्त्रीय असते. उंबऱ्याबाहेर गेले की तो सासरचा आरोप होतो. नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावे की असे बदल कुणाच्याही जनुकांत असतात, अनेकदा ते त्या मुलापासूनच नव्याने सुरू होतात, आणि गरोदरपणात तिने काय खाल्ले याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलाच्या मावश्या आणि बहिणींचा विषय निघेल, तो आईशी वेगळा बोलावा. दुसरे असे की काही प्रकार आईवडील दोघांकडून येतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे, तेव्हा नवराबायकोचे आधीचे नाते विचारल्याशिवाय कागद पुरा होत नाही.

त्याच दुहेरी वाटेने येणारा एक दुर्मीळ पण भयंकर विकार म्हणजे जन्मजात वेदनाहीनता आणि घाम नसणे. याचेही जनुक १९९६ मध्येच सापडले. दात व्यवस्थित असतात, पण मूल स्वतःची जीभ आणि बोटे चावते, भाजले तरी रडत नाही, हाडे मोडतात आणि पालकांवर मारहाणीचा संशय येतो. वारंवार ताप आणि न दुखणाऱ्या जखमा एकत्र दिसल्या तर तिथे थांबून विचार करा.

मोठ्या माणसात नव्याने घाम थांबला तर यादी वेगळी. कुष्ठरोगाचा चट्टा कोरडा असतो, हे आपण शिकलो. पण २००५ अखेर देशपातळीवर दूरीकरण झाल्याचे जाहीर झाल्यापासून ते पाहण्याची सवय सुटत चालली आहे. केळीच्या बागेतून आलेल्या मजुराच्या पाठीवर सगळीकडे घाम आणि एकच जागा सुकी, हे शर्ट काढायला लावले तरच दिसते. मधुमेह्याचे पाय कोरडे आणि डोके-छाती घामाने निथळणारी, तिथे स्वायत्त नसा बिघडल्या आहेत. शोग्रेन, फॅब्री, रॉस ही नावे कमी भेटतील. मात्र औषधांची चिठ्ठी रोज भेटते. फिट्स किंवा अर्धशिशीसाठी टोपिरामेट घेणारे मूल, फिट्ससाठी झोनिसामाइडवर असलेले मूल, मानसोपचाराच्या गोळ्यांबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल घेणारा तरुण, या सगळ्यांना उन्हाळा लागण्याआधी ‘घाम येतो ना?’ असे विचारलेच पाहिजे.

खात्री करायला फार काही लागत नाही. बोटाच्या पेरावरच्या रेघांवर भिंगातून घामाची छिद्रे दिसतात. डिस्प्लेसियाच्या मुलात ती नसतात किंवा तुरळक असतात. बाळासाठी हीच तपासणी बरी, आयोडीन टाळावे. मोठ्यांसाठी मायनरची आयोडीन-स्टार्च चाचणी आहे, १९२८ ची. पाठ पुसून आयोडीन लावायचे, सुकू द्यायचे, वर मक्याच्या स्टार्चचा पातळ थर भुरभुरवायचा आणि उबदार खोलीत बसवायचे. घाम येईल तिथे निळेकाळे ठिपके उठतात, वाहक आईच्या पाठीवर त्यांचे पट्टे दिसतात. आयोडीनची ॲलर्जी आधी विचारावी. ज्याला घाम नाही त्याला तापवणे ही स्वतःच धोक्याची गोष्ट आहे, म्हणून थर्मामीटर तोंडात आणि पाण्याची बादली शेजारी हवी.

आणि निदान झाल्यावर? इथे जेऊरची कोरडी हवा मदतीला येते. कोकणात ओला शर्ट वाळता वाळत नाही; इथे एप्रिलच्या वाऱ्यात तो काही मिनिटांत वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. सुती बनियन ओले करून घालायचे, सुकले की पुन्हा ओले करायचे, डोक्याला ओला पंचा. वाळ्याच्या जाळीचा कूलर या हवेत चांगला चालतो. बर्फाचे पाणी नको, त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, माठातले पुरे. पत्र्याच्या खोलीत दुपारी निजवू नये. उभ्या उसात वारा लागत नाही, तिथे या मुलाला मोठे झाल्यावरही पाठवू नये. शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून सगळे वैतागतात, पण ज्याला घाम येत नाही त्याला रात्रीचे दारे धरणे हेच झेपणारे काम आहे. कवळी तिसऱ्या-चौथ्या वर्षी बसवता येते, ती दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि शाळेत पहिला दिवस तिच्यासह गेला तर फरक पडतो. डोळ्यांचे थेंब, नाकात सलाइन, त्वचेला मलम हे रोजचे. एक सावधगिरी मात्र ठेवा. यातल्या काही मुलांत प्रतिकारशक्तीही कमी असते. गार केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरला नाही किंवा उतरूनही मूल मलूल राहिले, तर तो संसर्ग समजूनच चालावे.

पुढे पाठवण्याची वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्यांना हे मूल दाखवा. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा आणि बालरोग हे दोन्ही विभाग एका आवारात आहेत. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे. जर्मनीत एर्लांगेन येथे गर्भजलात प्रथिन सोडून जन्माला आलेल्या मुलांना घाम येऊ लागल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा उपचार अजून जेऊरपर्यंत पोचलेला नाही. पण तो मिळायचा तर पोटातल्या बाळाबद्दल आधी माहिती हवी, आणि ती माहिती पहिल्या मुलाच्या केसपेपरवर नाव लिहिले गेले असेल तरच असते.

म्हणून संशय असला तरी तो लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या विकाराचे नाव नाही, त्यामुळे प्रमाणपत्राच्या खिडकीवर हे पालक अडकतात. त्यांच्या हातात असतो तो आपला लेटरहेडचा कागद. मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळी पुरतात: या विद्यार्थ्याला घाम येत नाही, त्याला पंख्याखाली, दाराजवळ बसू द्यावे, कवायतीला आणि उन्हातल्या प्रार्थनेला सूट द्यावी, वर्गातून उठून अंगावर पाणी घ्यायला परवानगीची वाट पाहायला लावू नये. असे पत्र मराठीत, सही-शिक्क्यासह, सकाळची शाळा सुरू होण्याआधी द्या. त्याचा एक नमुना याच अंकात शेवटच्या पानावर छापला आहे, तो झेरॉक्स करून वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या रुग्णांत असे कुणी आढळले तर नाव-गाव वगळून, आईचे दात आणि मामाची हकिकत यांसह आम्हाला कळवा. मे आणि जूनच्या अंकांत या नोंदींसाठी जागा ठेवली आहे.